मेल टाकजो

दिग्रसच्या आठवडी बाजारात गुल्हाने सरांच्या पिशवीतून वांगी सांडत होती. सर पुढे, हातात पिशवी, आणि त्यांच्यामागे रस्त्यावर थोड्या थोड्या अंतरानं एकेक वांगं. मी धावत गेले आणि म्हटलं, "सर, तुमचे वांगे सांडून राह्यले."

सर चालता चालताच म्हणाले, "मले तोंडी नोको सांगू. मेल टाकजो." आणि गेले.

मी वांगी ओढणीत गोळा करत वळणापर्यंत पोचले, तर सर तिथं थांबलेले. पिशवी उलटी करून, वर धरून तिचा तळ बघत होते. तळाच्या भोकातून मला त्यांचा एक डोळा दिसला.

"काहून वं," तो डोळा म्हणाला, "मघाशीच नाई का सांगायचं?"

सर आम्हाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे. ठेंगणे, गोल, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी एखादं वाळकं पान. वर्गात आवाज असा की खाली ऑफिसातल्या शिपायालाही प्रकाशसंश्लेषण पाठ झालं होतं. मेलचं वेड त्यांना आधीपासून नव्हतं. एका उन्हाळ्यात ते प्राध्यापकांच्या कसल्याशा प्रशिक्षणाला पुण्याला गेले. बाकीचे प्राध्यापक तिकडून साड्या आणि बाकरवडी घेऊन आले. सर मेल घेऊन आले.

कॉलेज सुरू झालं त्याच दिवशी त्यांनी फळ्यावर स्वतःचा मेलचा पत्ता लिहिला. मधलं ते वेटोळं काढताना खडू दोनदा मोडला.

"हा गोगलगायीवानी दिसते थो ॲट," ते म्हणाले. "याच्याबिगर काईच पोचत नाई. लिवून घ्या."

आम्ही लिहून घेतलं. माझ्या शेजारणीनं त्याखाली 'गोगलगाय – मृदुकाय प्राणी' असंही लिहिलं. मागच्या बाकावरून सुनील राठोडनं विचारलं, "सर, हे परीक्षेले येईन काय?"

"येईन," सर म्हणाले. "जलमभर येईन."

आठ दिवसांच्या आत प्रत्येकानं आपापला पत्ता काढून आणायचा, असा हुकूम झाला. आम्ही सगळे खेड्यापाड्यातले. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर फक्त बँकेत, काचेपलीकडून पाहिलेला. तरी पोरांनी पत्ते काढले, आणि कुणी विचारणार नाही या भरवशावर मनाला येतील ती नावं घेतली. मग सरांनी हजेरी त्या पत्त्यांनी घ्यायला सुरुवात केली.

"डेंजर राजा दिग्रस!" सरांचा तो आवाज.

मागच्या बाकावरून सुनील राठोड उठला. सुनील म्हणजे तुरीच्या काडीसारखा पोरगा, वाऱ्यानं हलेल असा.

"हजर सर."

"तू डेंजर काय?"

"नाई सर."

"राजा?"

"नाई सर."

"मंग दिग्रस तेवढं खरं हाय. बस."

दुसऱ्या दिवशी सुनीलनं नवा पत्ता काढला. त्यात त्याचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, सगळं होतं.

मेलचे सरांचे कायदे होते. वर विषय हवा, खाली नाव हवं. विषय न लिहिता मेल पाठवला तर उलट उत्तर यायचं, 'घराले दार नाई. आत कसा येऊ?' मी पहिल्यांदा प्रयोगाची माहिती पाठवली तेव्हा 'सोबत जोडली आहे' असं ऐटीत लिहिलं आणि जोडायलाच विसरले. सरांचं उत्तर आलं, 'पत्रिका भेटली. नवरदेव कुठं हाय?' रजा हवी असेल तर मेल. शंका असेल तर मेल. प्रयोगशाळेत त्यांच्या पुढ्यात उभं राहून "सर, पेशी दिसून नाई राह्यली," असं म्हटलं तरी त्यांच्या तोंडून आधी "मेल टाक," असंच यायचं. मग ते स्वतःच चपापायचे आणि सूक्ष्मदर्शकाचं भिंग पुसायला लागायचे.

हे सगळे मेल जायचे आणि यायचे ते बसस्टँडजवळच्या इम्रानभाईंच्या सायबर कॅफेतून. प्लायवूडच्या तीन खोपट्या, तीन कॉम्प्युटर आणि एक पंखा. गिरण्यांत सरकी काढायचा, जिनिंगचा हंगाम सुरू झाला की कापसाचं बारीक तूस गावभर उडायचं आणि इम्रानभाईंच्या कीबोर्डात जाऊन बसायचं. ते दर तासाला कीबोर्ड उलटा करून पाठीवर थापट्या मारायचे, लेकराला ढेकर काढायला लावतात तशा. वीज तर पाहुण्यासारखी. येईल तेव्हा आपली. ती आली की सर संध्याकाळी तिथं जाऊन कोपऱ्यातल्या खोपटीत बसायचे आणि दोन बोटांनी एकेकाला उत्तर द्यायचे.

सुनील राठोडला हे ठाऊक नव्हतं. एकदा त्याला भावाच्या सासरी जेवणाला जायचं होतं. त्यानं कॅफेतून मेल टाकला, 'माननीय सर, मला फार ताप आहे, अंथरुणातून उठता येत नाही.' मेल गेला, आणि सुनील खिसे चाचपेपर्यंत उत्तर आलंही. 'प्लायवूडच्या वरून पाह्य.'

त्यानं पाहिलं. पलीकडच्या खोपटीतून सरांचं तोंड वर आलेलं होतं.

"उतरला का बे ताप?"

इम्रानभाई हसून हसून पंख्याखाली जाऊन बसले. "सर," ते म्हणाले, "आपके बच्चे मेल कम करते, पकडे जादा जाते."

सरांच्या घरात दोघंच. सर आणि सुमनकाकू. काकूंना या मेलचा भारी राग. आम्ही मुली कधी घरी गेलो की त्या चुलीपुढून तक्रार करायच्या. "मले म्हन्ते, सुमन, तुहा बी पत्ता काढून देतो. म्हटलं, तुमी बैठकीत, मी सैपाकघरात. मधात मेल कायले पाह्यजे? भाजीत मीठ कमी हाय थे तुमी मले दिग्रसच्या बसस्टँडावून कळवान काय?"

"कळवीन नं," बैठकीतून सरांचा आवाज यायचा. "तोंडानं सांगतलं तं तू भांडतं."

आम्ही हसायचो. मीही हसायचे. पण माझ्यापुरतं सांगायचं तर त्या मेलनं माझं तोंड उघडलं. वर्गात मी एकदाही प्रश्न विचारला नव्हता. भीती कशाची होती ते आज सांगता यायचं नाही. विचारायची वेळ आली की मी वहीत काहीतरी लिहीत बसायचे, एवढं खरं. त्या वर्षी आमच्या वावरात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, पानं लाल पडत चालली होती. बाबा रोज वावराच्या बांधावर, धुऱ्यावर उभे राहून बघायचे आणि घरी यायचे. मी धीर करून सरांना मेल टाकला. विषय, 'लाल पान'. आत एकच ओळ, 'सर, आमच्या पऱ्हाटीचे पानं लाल काहून होतात?' पुस्तकातली मराठी आठवलीच नाही, जशी आली तशी लिहिली.

सरांचं उत्तर इतकं लांब आलं की इम्रानभाईंचा प्रिंटर मध्येच दमला. मुळं, जमीन, अन्नद्रव्यं, फवारणी काय करायची, सगळं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "एका विद्यार्थ्यानं मले सवाल पाठवला. एवढ्या वर्षांत एवढा चांगला सवाल मले कोनी नाई केला." नाव घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलंही नाही. मी वहीत मान घालून बसले, पण कान इतके तापले होते की शेजारीण म्हणाली, "तुले ताप हाय काय वं?"

बाबांनी फवारणी केली. काही पानं हिरवी राहिली, काही नाही. पण त्या दिवसापासून बाबा जेवताना विचारायला लागले, "तुहे सर काय म्हनते?"

ते दिवस कापसाला वाईट होते. कुणाच्याच घरात मोठ्यानं कुणी बोलत नसे. आमच्या वर्गातली बाकं एकेक करून रिकामी होत होती. कुणी पुण्याकडे कंपनीत गेला, कुणी घरीच राहिला, मुलींची लग्नं लागली. रिकाम्या बाकावरच्या प्रत्येकाला सर मेल टाकायचे, 'काहून येऊन नाई राह्यला? परीक्षा तरी देजो.' मी म्हटलं, "सर, त्यांच्या गावात कुठून कॉम्प्युटर येणार?" तर म्हणाले, "बाजाराले तं येतीन दिग्रसले. आले का पाहतीन." आणि खरंच, त्यातले दोघं परीक्षेला आले.

माझा बी.एस्सी.चा निकाल चांगला लागला. बाबा खूश झाले, पेढे वाटले, आणि रात्रीच्या जेवणाला म्हणाले, "यंदा घरीच राह्य. पुढच्या वर्षी पाहू." पुढच्या वर्षी कॉलेज नाही, स्थळ पाहणार, ते आईलाही ठाऊक होतं, मलाही. सरांच्या सांगण्यावरून मी नागपूरच्या एका संस्थेत एम.एस्सी.साठी अर्ज करून ठेवला होता. तिथं निवड झाली तर वसतिगृह आणि विद्यावेतन, घरून काही मागावं लागणार नव्हतं. पण आता मी गावात होते, गाव आर्णी रस्त्यापासून बरंच आत, आणि मेल पाहायला जायचं तर दिग्रस. निंदणाचे दिवस. वावर सोडून कॉम्प्युटर बघायला जाते, असं म्हणायची माझी छाती झाली नाही. महिना गेला. मी मनातून ते काढून टाकलं. म्हणजे काढून टाकलं असं स्वतःला सांगितलं.

एका दुपारी आम्ही बायका ओळीनं निंदत होतो. धुऱ्यावरून कुणीतरी येताना दिसलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, चपला हातात, पाय चिखलानं माखलेले, खिशात वाळकं पान.

"प्रणिता गावंडे!" तो आवाज सगळ्या शिवारात गेला. शेजारच्या वावरातले बैल थांबले. "तुले मेल आला हाय!"

बाबा विळा टाकून धावले. "काय झालं सर? कोन आलं?"

"मेल आला हाय पोरीले. नागपुरून. तिथल्या मॅडमनं मले कळवलं का पोरीले मेल टाकला, तिचं काई उत्तर नाई. म्हून आलो. मोपेड नाल्यात फसली, थे तिथंच हाय."

"पन लिवलं काय हाय त्यात?"

"थे मले काय मालूम?" सर म्हणाले. "मेल तिचा हाय."

बाबा माझ्याकडे, मी बाबांकडे. एवढा चिखल तुडवत माणूस आला, आणि निरोप एवढाच की निरोप आहे. बाबांनी डोकं चालवलं. "बेटा, थो तुहा काय म्हनते, परवलीचा शब्द. सरले सांगून दे. सर वाचतीन आन् कळवतीन."

सरांनी हातातल्या चपलांसकट दोन्ही कान झाकले. "नोको! पासवर्ड नोको सांगू! मी ऐकलंच नाई पाह्यजे!"

निंदणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. बाबाही हसले. किती दिवसांनी हसले कोण जाणे. मग म्हणाले, "जाय. हात धू आन् जाय. मी मागून एसटीनं येतो."

नाल्यातून मोपेड आम्ही दोघांनी ओढून काढली. दिग्रसपर्यंत सर दोनच शब्द बोलले, चढ आला की "उतर" आणि चढ संपला की "बस."

इम्रानभाईंकडे पोचलो तर वीज नव्हती. संध्याकाळपर्यंत येणारही नव्हती. इम्रानभाईंनी सरांचे पाय पाहिले, माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता शेजारच्या मंडपवाल्याकडे गेले. त्याच्याकडे लग्नाच्या वरातीसाठी जनरेटर होता. थोड्या वेळानं तो धडधडायला लागला, आणि कॉम्प्युटरबरोबर मंडपवाल्याच्या दुकानातल्या लायटिंगच्या सगळ्या माळाही पेटल्या. लाल, हिरव्या, निळ्या. भर दुपारी. रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली.

मी खोपटीत बसले. सर दारात माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. दुसऱ्याच्या मेलकडे बघायचं नाही.

मेल उघडला. मुलाखत परवाच होती. सगळी मूळ कागदपत्रं घेऊन यावं, आणि येणार की नाही ते उद्यापर्यंत कळवावं, नाहीतर जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. मी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जनरेटरच्या आवाजात माझे हुंदके कुणाला ऐकू गेले नसतील असं मला वाटलं होतं.

"आदी उत्तर टाक!" सर पाठमोरेच ओरडले. "मंग रड! डिझेल सरून राह्यलं!"

मी लिहायला लागले. बोटं मातीची, निंदणाचा हिरवा रंग नखांत.

"येतो म्हून लिवलं काय?"

"हो सर."

"विषय?"

"लिवला."

"खाली नाव?"

"लिवलं सर."

"मंग धाड."

मी बटण दाबलं. मेल गेला. जनरेटर दोनदा खोकला आणि बंद पडला. माळा विझल्या. इम्रानभाई म्हणाले, "गया ना? बस. मैं चाय मंगाता."

मुलाखतीला बाबा सोबत आले. बाहेर व्हरांड्यात बसून राहिले, आणि मी बाहेर आले तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "काय इचारलं?" मी सांगितलं, पऱ्हाटीची पानं लाल का होतात ते विचारलं. बाबा म्हणाले, "मंग तं आलं असंन तुले." निवड झाल्याचं मेलनंच कळलं. या वेळी मी आठवडाभर दिग्रसला मावशीकडेच मुक्काम ठोकला होता आणि रोज इम्रानभाईंच्या डोक्यावर बसत होते.

मी नागपूरला निघाले त्याच्या आदल्या दिवशीच बाबांनी माझं सगळं सामान वसतिगृहावर नेऊन टाकलं होतं. मी दिग्रसहून एकटीच एसटीत बसले, आर्णीवरून यवतमाळला जाणारी, तिथून पुढं नागपूरची बदलायची. गाडी सुटायला आली आणि सर आले. हातात काकूंनी दिलेला डबा. खिडकीतून देतील आणि जातील असं वाटलं, तर ते गाडीत चढले आणि माझ्या शेजारी बसले.

"आर्णीत काम हाय," म्हणाले. "तथलग येतो."

गाडी निघाली. सर डबा मांडीवर घेऊन समोर बघत होते. मीच विचारलं, "सर, तुम्ही कुठं शिकले?"

"नागपूरलेच," ते म्हणाले. "आमचं घर मुकुटबनच्या पल्याड. मी वसतिगृहात राहो. दुपारी पोस्टमन ये, आन् शिपाई जिन्यात उभा राहून नावं पुकारे. सगळे पोट्टे जमा होत. मी सगळ्यात पुढं."

"मग?"

"मंग काई नाई. घरी कोनाले लिवता येत नोतं. मा‍ह्या बापाले सही येत नोती, मायचं तं सोडूनच दे. नाव कुठून पुकारतीन?" ते हसले. खरंच हसले, त्यात काही दुःख-बिःख दाखवत नव्हते. "पन मी रोज जाऊन उभा राहो. दोन वर्सं. शिपायाले वाटे, या पोट्ट्याचं कोनतं तरी मोठं पत्र येनार हाय. एक दिवस थो मले म्हने, गुल्हाने, कोनाची वाट पाहून राह्यला? मी म्हटलं, कोनाची नाई. पोट्ट्यांचे तोंडं पाहाले येतो. पत्र भेटलं का मानसाचं तोंड कसं होते, थे पाहाले."

खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना पऱ्हाटी होती, गुडघाभर आलेली.

"तुले तिथं पह्यल्या हप्त्यात करमनार नाई," सर म्हणाले. "नंतर करमते. मेसचं वरण पातळ असते. काकूचं तिखट डब्याच्या खालच्या खनात हाय."

आर्णी आलं. सर उठले. डबा माझ्या मांडीवर ठेवला, दारापर्यंत गेले, परत आले, खिशातलं वाळकं पान काढून बघितलं, पुन्हा खिशात ठेवलं. "जाजो नीट," म्हणाले आणि उतरले.

आमची गाडी स्टँडवर थोडा वेळ थांबली. समोर परत दिग्रसला जाणारी गाडी लागलेली होती. मी सरांना बाजाराच्या दिशेनं जाताना बघायला मान बाहेर काढली, तर ते बाजाराकडे गेलेच नाहीत. सरळ चालत त्या दिग्रसच्या गाडीत चढले आणि एका खिडकीशी जाऊन बसले. कंडक्टर आला तसे त्यांनी तिकिटासाठी खिशात हात घातला. मी बघतेय हे त्यांना दिसलं नाही. आमची गाडी मागे सरकली, वळली आणि यवतमाळच्या रस्त्याला लागली.